भाड्याचा कोच म्हणालास ना, मग हे वाच

प्रिय बंड्या,

तुझा तो भलामोठा व्हॉइस मेसेज ऐकला. फुटबॉलचा तो बोरा मिलुटिनोविच म्हणजे भाड्याचा कोच, आज या देशाचा उद्या त्या देशाचा, असल्या माणसाचं काय कौतुक वगैरे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस म्हणून लिहून पाठवतोय.

अरे, हा माणूस फिरला नसता तर काय केलं असतं? १९४४ चा जन्म, सर्बियातलं बाइना बाश्ता हे गाव, वडील युद्धात गेले, आई टीबीनं गेली, आणि पोरगा बोर नावाच्या खाणीच्या गावात नातेवाइकांकडे वाढला. थोरला भाऊ मिलोश १९५४ आणि ५८ चे वर्ल्डकप खेळलेला, मधला मिलोरादही बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून खेळला, हा धाकटाही तिथेच, पण थोरल्याची सर काही आली नाही. मग मोनॅको, नीस, रुआँ, स्वित्झर्लंड करत करत शेवटी मेक्सिकोत पुमास क्लबला पोचला आणि तिथेच लग्न करून बसला. म्हणजे जिथे बूड टेकायला मिळालं तिथे टेकलंच की त्यानं! पुमासचाच कोच झाला, आणि १९८६ ला घरच्या वर्ल्डकपमध्ये मेक्सिकोला क्वार्टर फायनलपर्यंत नेलं, पश्चिम जर्मनीशी ०-० आणि मग पेनल्टीत हरले.

पण माझा खरा मुद्दा १९९० चा आहे. कोस्टारिकानं त्याला वर्ल्डकपच्या जेमतेम तीन महिने आधी बोलावलं, देशाचा पहिलाच वर्ल्डकप. यानं आल्या आल्या काही नावाजलेल्या जुन्या खेळाडूंना घरी बसवलं, केवढी बोंबाबोंब झाली असेल विचार कर, आणि मग जेनोआत स्कॉटलंडला १-० हरवलं, कायासोचा गोल, ब्राझीलनं एकच गोल मारला, आणि स्वीडनला २-१, मेडफर्डचा शेवटच्या मिनिटांतला गोल. ब्राझीलची मॅच तुरीनला, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सीवाल्या युव्हेंटस क्लबचं गाव, आणि कोस्टारिकाही उतरली तसल्याच पट्ट्यांच्या जर्सीत! म्हणायला ती त्यांच्या एका जुन्या क्लबची जर्सी, पण पब्लिक कुणाच्या बाजूनं ओरडणार हे सांगायला नको, पक्का बेरकी माणूस. पुढच्या फेरीत मात्र गोलकीपर कोनेहो जखमी असल्यानं नव्हता आणि चेकोस्लोव्हाकियाच्या स्कुहराव्हीनं तीन हेडर घातले, ४-१, खेळ खल्लास. तीन महिन्यांत एवढं कोण करून दाखवतं सांग.

१९९४ ला अमेरिका, तिथे तेव्हा धड प्रोफेशनल लीगही नव्हती, तरी कोलंबियाला हरवून पुढच्या फेरीत गेले. १९९८ ला नायजेरिया, स्पेनला ३-२, ओलिसेचा तो लांबून मारलेला गोल आठवतो ना, पण मग डेन्मार्ककडून ४-१ मार खाल्ला, तिथे मीही बचाव करणार नाही. पण तू म्हणतोस तो सोडून जातो. नायजेरियाच्या आधी तो परत मेक्सिकोचा कोच होता, त्यांना त्यानं ९८ च्या फायनल क्वालिफाइंग राउंडमध्ये एकही मॅच न हरता पात्र करून दिलं होतं आणि तरी त्यालाच काढलं, कारण काय तर खेळ बघायला मजा येत नाही! आता यात सोडून कोण गेलं?

२००२ चीन. शेनयांग शहरात ओमानला १-० हरवून वर्ल्डकपला पात्र ठरले आणि अख्खा देश रस्त्यावर. जपान-कोरिया यजमान म्हणून आधीच आत होते, त्यामुळे वाट थोडी सोपी झाली हे मान्य, पण चीन त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही पोचलेला. वर्ल्डकपमध्ये मात्र तीन मॅच, नऊ गोल खाल्ले, मारला शून्य. पहिलाच पराभव कोस्टारिकाकडून, २-०, आणि त्यांचा कोच कोण? आलेशांद्रे गिमारायस, जो १९९० च्या त्या टीममध्ये बोराच्या हाताखाली खेळला होता. हो तोच, ज्याच्या मुंबई सिटीच्या मॅचेस बघायला तू अंधेरीला जायचास! म्हणजे तुझा भाड्याचा कोच असा एका हाताच्या अंतरावर आहे तुझ्यापासून.

शेवटी २००९ ला इराक, कॉन्फेडरेशन्स कपमध्ये युरोप चॅम्पियन स्पेननं फक्त एकच गोल मारला, बाकी दोन मॅच ०-०. त्या बघायला खरंच कंटाळवाण्या होत्या, हे तू म्हणायच्या आधी मीच सांगतो.

आता व्हॉइस मेसेज नको, लिहून उत्तर दे. आणि बोरासारखाच पाच वेगवेगळ्या देशांना वर्ल्डकपला नेणारा ब्राझीलचा कोच परेराही आहे हे मला माहितीये, तो मुद्दा काढू नकोस, त्यानं ब्राझीलसोबत कप जिंकला म्हणून तो तुझा लाडका. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पिंट्या