विंडोलँडाच्या चरातून

हेक्सम,
११ सप्टेंबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस अस्वस्थ होतो. तीन हंगाम खणलंस, हाती आली फक्त खापरं, आणि आता हे काम सोडून बँकेची परीक्षा द्यायची म्हणतोस. 'एका जागेला चिकटून माणसाला मिळतं काय?' हा तुझा प्रश्न मी रोज चरात उतरताना बरोबर नेतो. इथे विंडोलँडाला, उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या रोमन किल्ल्यावर, पंधरा दिवस खोदकामात मदत करायला आलोय. ज्या घराण्याने ही एकच जागा धरून ठेवली, त्याची हकिकत तुला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

एरिक बर्ली यांचा जन्म १९०६चा. ऑक्सफर्डला शिकले, आणि १९२९ साली या भागातली एक जुनी जमीनदारी लिलावात निघाली तेव्हा त्यांनी विंडोलँडाचा किल्ला ज्या जमिनीत आहे ती चेस्टरहोमची जागा घेतली. वय अवघं तेवीस! पुढे डरहॅम विद्यापीठात शिकवलं. त्यांची खरी हातोटी शिलालेखांतल्या नावांची. कोणता अधिकारी कुठून आला, कोणत्या पलटणीत होता, बढती मिळून कुठे गेला, हे ते एकेका नावावरून जुळवत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या गुप्तवार्ता खात्यात त्यांनी हीच पद्धत जर्मन सैन्याला लावली. १९४९ साली रोमन सरहद्दींच्या अभ्यासकांची पहिली परिषद त्यांनीच भरवली. ती परंपरा आजही चालू आहे.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या मुलाबद्दल, रॉबिन यांच्याबद्दल. ते लहानाचे मोठे झाले ते या किल्ल्याच्या शेजारी. मधल्या काळात वडिलांच्या हातून ही जागा गेली. रॉबिन शिकवण्याचं काम करत होते, पण जीव इथेच अडकलेला. १९७० साली विंडोलँडा ट्रस्ट उभा राहिला आणि ते पूर्णवेळ खोदकामात उतरले.

मार्च १९७३. चरांत पाणी साठत होतं म्हणून निचऱ्यासाठी ते एक नाली खणत होते. काळ्या गाळात रंध्याच्या छिलक्यांसारखे लाकडाचे पातळ तुकडे लागले. त्यातले दोन एकमेकांना चिकटलेले. ते अलग केले, तर आतल्या बाजूला शाईचं अक्षर! तो तुकडा घेऊन ते डरहॅमला एका जाणकाराकडे धावले, पण तोवर हवा लागून अक्षरं जवळजवळ पुसट झाली होती. सुहास, त्या क्षणी त्यांच्या पोटात काय कालवलं असेल! मग न्यूकॅसलच्या वैद्यकीय महाविद्यालयात ॲलिसन रदरफर्ड यांनी इन्फ्रारेड फोटो काढले आणि लेखन पुन्हा उमटलं. वडिलांनी जागा घेतल्याला तेव्हा ४४ वर्षं झाली होती. एरिक १९९५ साली गेले, म्हणजे त्यांनाही हे सगळं पाहायला मिळालं.

तेव्हापासून अशा शेकडो पाट्या निघाल्यात. साधारण पोस्टकार्डाएवढ्या, जाडी पाव ते तीन मिलिमीटर. बहुतेक रोमन सम्राट हेड्रियनची सरहद्दीवरची भिंत बांधायला घेतली त्या इ.स. १२२च्याही आधीच्या. एका पाटीवर तुंग्रियन पलटणीची हजेरी आहे: एकूण ७५२ माणसं, त्यातली ४५६ बाहेरगावी. हजर असलेल्यांत १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. सरहद्द म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लढाया येतात. इथे दिसतात ते चिपडं आलेल्या डोळ्यांचे दहा शिपाई. आणि यातले बहुतेक रोमचे नव्हेतच, आजच्या बेल्जियम-नेदरलँड्सकडचे. दुसऱ्या एका पाटीत कोणाला तरी मोजे, चपला आणि आतले कपडे पाठवल्याचं लिहिलंय.

मला सगळ्यात लागलं ते क्लॉडिया सेव्हेराचं पत्र. इ.स. १००च्या सुमाराचं. सेनाधिकाऱ्याची बायको सुल्पिशिया लेपिडिना हिला ती वाढदिवसाला ये म्हणते. मुख्य मजकूर लेखनिकाच्या हातचा, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत, जरा अडखळत्या अक्षरात: तुझी वाट बघीन, माझ्या जिवाच्या बहिणी. बाईच्या हातचं इतकं जुनं लॅटिन लेखन दुसरं माहीत नाही. वाढदिवस ११ सप्टेंबरचा. म्हणून तुला आजच लिहायला बसलो.

कोल्हापूरला टाउन हॉल संग्रहालयात आपण ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला तो छोटासा ब्राँझचा समुद्रदेव पोसायडन बघत किती वेळ उभे होतो, आठवतं? रोमची वस्तू पंचगंगेच्या काठावर पोचली होती. फक्त ती आणणाऱ्याचं पत्र आपल्याकडे उरलं नाही. इथे उरलं, कारण जुना किल्ला पाडून त्यावर माती आणि गवताची ढेपं अंथरत नवा बांधला जाई. खाली हवाच पोचत नाही, म्हणून कुजणं थांबतं. काल माझ्या थापीखाली नेच्याची पानं लागली. पिवळसर होती, बघता बघता काळी पडली. वास असा, की जेवताना हातांना येत होता. त्याच थरात चपलेचा एक तळ होता, खिळ्यांच्या भोकांसकट, माझ्या पंजापेक्षा लहान.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ. विहिरीच्या तळाशी काळा, चिकट गाळ लागला, 'काही नाही निघालं' म्हणून बाजूला टाकलास, असं लिहिलंयस. तो ढीग अजून तसाच असेल तर वाळू देऊ नकोस. ओल्या गोणपाटाखाली झाक, पाणी शिंपडत राहा, आणि मी येईपर्यंत विहीर बुजवू देऊ नकोस. २७ तारखेला पुण्यात पोचतो, २८ला सकाळच्या एसटीने तुझ्याकडे. बारीक चाळणी मी आणतो.

तुझा,
विनायक