अप्पांच्या कॅसेट भंगारात देऊ नकोस

सोलापूर

प्रिय दोस्ता,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर पूर्व भागातलं घर रिकामं करायला येतोयस, असं वहिनींकडून कळलं. घर विकायचं की नाही हा तुम्हा भावंडांचा निर्णय, त्यावर मी काही बोलत नाही. पण माळ्यावरची पत्र्याची ट्रंक भंगारवाल्याला देऊ नकोस. तिच्यात अप्पांच्या कॅसेट आहेत.

तू म्हणशील, सगळी गाणी आता मोबाइलवर मिळतात. मिळतात की! विकतच्या कॅसेटसाठी मला हळहळ नाही. भीमसेनांचे अभंग आज फोनवर पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येतात, मागे टेपची ती सळसळ नसते. पण तबकडी काय, सीडी काय, आपल्यासाठी ती फक्त ऐकायची वस्तू होती. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आवाज मागे ठेवून जायचा मान नावाजलेल्या गवयांनाच होता. फिलिप्सनं १९६३ मध्ये कॅसेट आणली, पुढे ती स्वस्त झाली, आणि हा मान माग चालवणाऱ्याच्या घरातही आला. दोन बटणं एकदम दाबली की झालं.

आपण दुकानात यादी देऊन सिनेमाची गाणी भरून घ्यायचो. अप्पा मात्र कोरी नव्वद मिनिटांची कॅसेट आणून भजनी मंडळ भरायचे. टाळकऱ्यांना टेपपासून लांब बसवायचे, नाहीतर आवाज फाटायचा. श्रावणी सोमवारची भजनं, अव्वांची तेलुगू गाणी, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीतला ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर. हे कुठल्या ॲपवर शोधणार? जगात एकच प्रत आहे, आणि ती त्या ट्रंकेत.

त्यातली एक कॅसेट माझ्याकडे राहिली होती, ती गेल्या महिन्यात काढली. लावली तर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. पाच स्क्रू काढून उघडली. फितीला टेपमधल्या आवाज वाचणाऱ्या हेडवर दाबून धरणारा नमद्याचा इवलासा तुकडा गळून पडला होता. दुसऱ्या बाद कॅसेटमधला काढून बसवला, हेड स्पिरिटनं पुसलं, आणि अप्पा बोलायला लागले रे! अभंग चालू आहे, मागे शेजारच्या मागांची खटखट. मधेच खटखट एकदम थांबते. वीज गेली असणार. टेप सेलवर होता म्हणून चालू राहिला. त्या शांततेत मृदंग आणि अप्पांचा आवाज इतका मोकळा ऐकू येतो की काय सांगू. कडवं संपल्यावर ते विचारतात, “चालू आहे का रे ते?” आणि तू म्हणतोस, “हो अप्पा.” तुझा आवाज अजून फुटलेला नाही.

म्हणून घाई करतोय. नव्वदच्या कॅसेटमध्ये सुमारे १३० मीटर फीत असते, चार मिलिमीटरहूनही अरुंद. वर्षानुवर्षं एकाच जागी गुंडाळून पडली की ती चिकटते, बुरशी धरते, आणि एकदा तुटली की जोडावर तेवढे शब्द जातात. तू तिथे हौसेनं लावून बघू नकोस. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही चिमुकले तुकडे मोडून टाक, म्हणजे चुकूनही वर काही भरलं जाणार नाही. अप्पांच्या अक्षरातल्या कागदांचे फोटो काढ. आणि गाडीत उन्हात ठेवू नकोस, स्पीकरजवळ तर नाहीच.

नव्या पेठेत एकजण अजून टेप दुरुस्त करतो, त्याच्याकडून माझ्या टेपचा पट्टा बदलून घेतलाय. संगणकावर उतरवायला कॅसेट जेवढी, तेवढाच वेळ लागतो. लागू दे, मी रोज संध्याकाळी एक बाजू घेईन. एमपीथ्रीत बारकावे गाळले जातात, म्हणून आधी मोठी फाइल ठेवू, आणि एकेक प्रत तुम्हा प्रत्येक भावंडाकडे.

एक काम मात्र तुझ्याकडून हवंय. मंडळातले जे काका अजून आहेत, त्यांचे पत्ते बहिणीकडून घेऊन ठेव. कोरसातले आवाज कोणाकोणाचे, ते मला ओळखता येत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय आता कोणाला येणारही नाहीत. तू आलास की दोघं मिळून त्यांच्याकडे जाऊ, ऐकवू, आणि नावं लिहून घेऊ.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दोस्त