बाबांची रक्तदाबाची गोळी आणि हाडांतले कॅल्शियम

तीर्थरूप आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार.

बाबांच्या अम्लोडिपिनच्या माहितीपत्रकात ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ असे वाचून, ही गोळी त्यांच्या हाडांतले कॅल्शियम कमी करत असेल, अशी शंका आईला आली आहे. आई, बाबांचे दूध खुशाल चालू ठेव. पण या गोळीमुळे शरीरातले कॅल्शियम घटत नाही, ते विशिष्ट पेशींत किती शिरावे एवढेच ती ठरवते.

पेशीचे आवरण स्निग्ध असल्यामुळे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, त्यातून आपोआप जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांचे चॅनेल असतात आणि ते कमालीचे चोखंदळ असतात. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असूनही पोटॅशियमचा चॅनेल त्याला आत घेत नाही. हे कसे घडते ते रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये अशा चॅनेलची रचना उलगडून दाखवले आणि २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. (बाबा, हा भाग मी मोह आवरला नाही म्हणून लिहिला.)

धमन्यांच्या भिंतींतल्या स्नायुपेशींबाहेर मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. आवरणावरचा विद्युतदाब बदलला की चॅनेल उघडतो, कॅल्शियम आत येऊन कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि पुढच्या रासायनिक साखळीतून स्नायू आकसून धमनी अरुंद होते. अम्लोडिपिन त्या चॅनेलला चिकटून कॅल्शियमचा प्रवेश कमी करते, त्यामुळे धमनी सैलावते आणि रक्तदाब उतरतो. हातापायांचे स्नायू मुख्यतः पेशीच्या आत साठवलेल्या कॅल्शियमवर चालतात, म्हणून चालण्याची ताकद यामुळे जात नाही.

बाबांच्या घोट्यांवरची सूजही बहुधा याच गोळीची असावी. लहान धमन्या सैलावतात, शिरा मात्र तेवढ्या सैलावत नाहीत. मग केशवाहिन्यांतला दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो. डोस जास्त असेल तर सूजही जास्त दिसते. ती डॉक्टरांना जरूर दाखवा, ते डोस कमी करतील किंवा जोडीला दुसरे औषध देतील. बाबा, तुम्ही मात्र गोळी मनाने बंद करू नका: तिचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस दाब ठीक दिसेल आणि नंतर चढेल.

तुमची,
धाकटी