न दिसणाऱ्या जागा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "बाबा, दोन दिवस राबून सगळं घर घासलं, तरी वास जात नाही." तेव्हा मी नुसतं "बघू" म्हटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र डोक्यात तेच घोळत राहिलं. फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून सकाळी लिहायलाच बसलो.

आधी वासाचं. तुझ्याकडचं दुसरं बाथरूम तू वापरत नाहीस, असं मागे बोलला होतास. तिथली फरशीतली जाळी उचलून बघ. जाळीखालच्या वळणात कायम थोडं पाणी साचून राहायला हवं. ते पाणी म्हणजे बूच. गटाराची हवा ते खालच्या खाली अडवतं. बरेच दिवस वर पाणी पडलं नाही की ते उडून जातं, आणि मग कितीही फिनेल ओतलंस तरी वास येत राहणार. आज तिथे बादलीभर पाणी ओत आणि पुढे आठवड्यातून एकदा मगभर तरी टाकत जा. वास वापरातल्या बाथरूममधून येत असेल, तर जाळीखाली केस आणि साबणाचा चिकटा बसलेला असणार. तो हातमोजा घालून ओढूनच काढावा लागतो.

तू जे घासलंस ते सगळं डोळ्यांसमोरचं होतं. ओटा, फरशी, आरसा. ते चुकीचं नाही, पण घर बिघडायला लागतं ते पाठीमागे, खाली आणि आत. तिथे हात घातला की धूळ तर निघतेच, शिवाय कुठे ओल धरली आहे, कुठलं रबर फाटलं आहे, कुठली वायर तडकली आहे, तेही वेळेवर कळतं. म्हणून मी त्या जागा दुसऱ्या कुणाला साफ करू देत नाही.

आपला जुना फ्रिज तुला आठवत असेल. शेवटची दोन वर्षं तो रात्रंदिवस घरघरत असे. दुरुस्तीवाल्याने तो पुढे ओढला, तेव्हा मागच्या काळ्या जाळीवर धुळीची अक्षरशः गोधडी तयार झालेली होती. आतली उष्णता त्या जाळीतून बाहेर पडते. तिलाच पांघरूण घातल्यावर कॉम्प्रेसर थांबणार कसा? तो जळाला. वर्षातून दोनदा प्लग काढून, मऊ ब्रशने दहा मिनिटं झटकलं असतं तर तो आणखी चालला असता, ही रुखरुख मला अजून आहे. तुझ्या फ्रिजला मागे जाळी दिसत नसेल, तर ती बाजूच्या पत्र्याआड असेल. मग भिंतीपासून थोडी जागा तेवढी सोड. दाराच्या रबराच्या घड्या ओल्या फडक्याने पूस, काळी बुरशी तिथेच धरते. पुसून झालं की दारात एक कागद अडकवून दार लाव आणि ओढून बघ. सहज निसटला तर रबर सैल झालंय.

आता वॉशिंग मशीन. तुझं पुढून उघडणारं आहे. खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असेल, त्यामागे पंपाचा फिल्टर असतो. तो असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. मशीनचा प्लग काढ, आतलं पाणी गरम असेल तर निवू दे, खाली पसरट भांडं आणि जुना टॉवेल ठेव, आणि फिल्टर अगदी सावकाश फिरव, कारण मागे साचलेलं पाणी भसकन येतं. आपल्याकडे मी पहिल्यांदा तो उघडला तेव्हा राखाडी लगदा हाताला लागला. बोटांनी चाचपला तर त्यात एक नाणं, केसांची पिन आणि तुझ्या शाळेच्या शर्टाचं बटण निघालं, दोऱ्यासकट. धुऊन ठेवलेलं ते बटण आईच्या शिवणाच्या डब्यात अजून आहे. फिल्टर परत घट्ट बसव, नाहीतर पुढच्या धुण्याला फरशीवर तळं होईल. दाराच्या रबरी वळ्याची घडी उलटी करून पूस आणि मशीन चालू नसताना दार किंचित उघडं ठेव. कपड्यांना येणारा कुबट वास बहुतेक त्या घडीतलाच असतो.

चिमणीची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा लावू नकोस, ती काळी पडते. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. शॉवरच्या भोकांत पांढरे क्षार बसले असतील, तर पिशवीत व्हिनेगर घेऊन शॉवरला बांध आणि तासाभराने घास. तेच व्हिनेगर संगमरवरावर सांडलं तर कायमचा डाग पडतो, तेवढं सांभाळ. सरकत्या खिडक्यांच्या खाचेत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, पावसाचं पाणी त्यांतून बाहेर जातं. ती मातीने बुजली की पाणी घरात शिरतं आणि आपण खिडकीला दोष देतो. काडीने ती मोकळी कर.

भांडी घासायचा स्पंज मात्र साफ करत बसू नकोस, बदल. २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी वापरातले १४ स्पंज तपासले, तेव्हा काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये ५,००० कोटींहून अधिक जिवाणू असल्याचं दिसलं. उकळून किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवूनही फार काळ फरक टिकत नाही, म्हणून त्यांनी आठवड्याला नवा घ्यायचा सल्ला दिला.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. तू दोन वर्षांचा असताना मी संडास घासायला आम्लाचं क्लिनर टाकलं आणि जास्त स्वच्छ व्हावं म्हणून वर ब्लीच ओतलं. क्षणात घशात सुई टोचल्यासारखं झालं, डोळे उघडवेनात. क्लोरीन वायू होता तो. मी दाराकडे वळलो तर तू उंबरठ्यावर रांगत आलेला. तुला उचलून बाहेर पळालो, सगळ्या खिडक्या उघडल्या, आणि कितीतरी वेळ तुझा श्वास मोजत बसलो. तुला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून दोन बाटल्या मी कधी एका वेळी उघडल्या नाहीत. ब्लीच कशातही मिसळू नकोस. आम्लात नाही, व्हिनेगरात नाही, अमोनिया असलेल्या काचेच्या फवाऱ्यातही नाही. बाकीचं सगळं विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.

सगळं एकाच रविवारी करायला जाऊ नकोस, कंबर धरेल. वरून खाली ये. आधी कपाटांचे माथे आणि पंख्याची पाती, पात्यांना जुना उशीचा अभ्रा चढवून ओढलास की धूळ आतच राहते. फरशी शेवटी. स्टुलावर चढताना घरात कुणीतरी असू दे.

फिल्टर उघडशील तेव्हा फोन स्पीकरवर लावून शेजारी ठेव, मी ऐकत राहीन. आणि आज रात्री त्या बाथरूममध्ये पाणी ओतल्यावर उद्या सकाळी वास गेला की नाही, ते कळव. आई विचारते आहे.

तुझे,
बाबा