पाणी कंपनीला देण्याआधी ‘समांतर’ आठवा

मा. संपादक,
स. न.

कालचा अग्रलेख वाचला. पाणीपुरवठा एकदा खासगी कंपनीकडे सोपवला की शहराची तहान भागेल, असा त्याचा सूर आहे. छत्रपती संभाजीनगरात निघणाऱ्या दैनिकाने हे लिहावे, याचे वाईट वाटले. ‘समांतर’चा, म्हणजे जायकवाडीहून पाणी आणण्यासाठी आपल्याच शहरात खासगी कंपनीला दिलेल्या समांतर जलवाहिनी योजनेचा, त्यात उल्लेखही नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये पाणी कंपनीकडे गेले आणि जून २०१६ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने करार रद्द केला. जायकवाडीची नवी मोठी जलवाहिनी त्या काळात काही आली नाही. नंतर डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या योजनेचे भूमिपूजन झाले आणि तीच योजना पुढे २,७४० कोटींवर गेली. नागपूरचे उदाहरण तुम्ही दिलेत. तिथे २०१२ पासून कंपनी आहे, हे खरे. पण कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून, जास्त वापराला जास्त दर लावून चोवीस तास पाणी दिले, ते नगरपंचायत आणि राज्य सरकारच्या जीवन प्राधिकरणाच्या बळावर. त्याबद्दल एक ओळ तरी हवी होती.

खासगी पाणी आम्ही रोज विकत घेतोच. गेल्या उन्हाळ्यात वडिलांचे वर्षश्राद्ध होते. टँकरवाल्याला आदल्या दिवशीच आगाऊ पैसे दिले होते. सकाळी गुरुजी आले, पाहुणे आले, टाकी रिकामी. टँकरवाला फोन उचलेना. शेजाऱ्यांनी आपल्या पिंपातले पाणी दिले म्हणून स्वयंपाक झाला. संध्याकाळी कळले की आमचा टँकर जादा पैसे देणाऱ्या एका मंगल कार्यालयात रिकामा झाला. पैसे परत मिळाले नाहीत. पावती नव्हती, तक्रार करायची तरी कोणाकडे? आई दिवसभर कोणाशी बोलली नाही. तो दिवस मी विसरू शकत नाही, म्हणून ‘बाजार कार्यक्षम असतो’ हे तुमचे वाक्य मला टोचले.

महापालिकेची बाजू घ्यायची म्हणून हे लिहीत नाही. पाणीपट्टी वर्षाची आणि पाणी काही दिवसांआड, हा अन्यायच आहे. २०२२ मध्ये ४,०५० रुपयांची पट्टी २,०२५ वर आणली, तेव्हा सरकारनेही एक प्रकारे ते मान्य केले. पण २०१६ मध्ये करार रद्द करायला निदान निवडून आलेले सभागृह होते. एप्रिल २०२० नंतर ते कित्येक वर्षे नव्हते, सगळा कारभार प्रशासकांकडे. अशा काळात वीस-पंचवीस वर्षांचा करार झाला असता, तर तो अडवणार कोण होते? अग्रलेख यावर हवा होता.

जाता जाता आणखी एक. पाणी कोणत्या भागात कधी येणार, हे तुम्ही आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापता आणि कित्येकदा तेही शिळे असते. माझ्या आईसारख्या वयस्कर वाचकांना ते दिसत नाही. ते पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर