चिमूटभर बुरशीतून प्रथिनं काढायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही दुसऱ्या विभागातल्या, माझ्या प्रकल्पाशी तुमचा काडीचा संबंध नव्हता. तरी माझ्या अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीच्या नखाएवढ्या वसाहती पाहून तुम्ही म्हणालात, "एवढ्यातूनही निघतील प्रथिनं." त्या भरवशाबद्दल आणि त्यामागे घेतलेल्या कष्टांबद्दल मनापासून आभार.

बुरशीची पेशीभित्तिका कायटिन आणि ग्लुकनची, चिवट. ती फोडायला जोर लागतो, एवढं मला माहीत होतं. पण पेशी फुटली की तिच्यातलीच प्रोटीएज ही विकरं मोकळी होऊन आपल्याला हवी ती प्रथिनं तोडायला लागतात. म्हणून गारवाही राखायचा आणि हातही भरभर चालवायचा, हे तुम्ही शेजारी उभं राहून शिकवलंत. मोठ्या खलात बरीचशी पूड खलालाच चिकटून राहते. त्याऐवजी दीड मिलिलिटरच्या ट्यूबमध्येच नमुना द्रव नायट्रोजनात गोठवून छोट्या बत्त्याने कुटायचा. मग त्याच ट्यूबमध्ये थंड अ‍ॅसिटोनमधलं ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल घालायचं: प्रोटीएज जागीच निकामी होतात आणि प्रथिनं साक्यात बसतात. पुढे नुसत्या थंड अ‍ॅसिटोनने धुतलं की उरलेलं आम्ल आणि बराचसा रंगही निघून जातो. ट्यूब बदलली की नमुना घटला, हे तुमचं वाक्य मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ऐकवते.

बारीकसारीक गोष्टीही तुम्ही हातच्या राखून ठेवल्या नाहीत. साका फार वाळवला तर विरघळायला त्रास देतो. जेलवर घालण्याआधी नमुना ज्यात विरघळवतात तो निळा सॅम्पल बफर पिवळा पडला तर आम्ल उरलंय, ट्रिस या आम्लारीचा थेंब घालावा. प्रोटीएजना रोखणारं पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही, ते ऐन वेळी मिसळावं. एसडीएस हा डिटर्जंट असलेल्या नमुन्यावर प्रथिनं मोजायच्या ब्रॅडफर्ड चाचणीचा आकडा खरा मानू नये. माझ्याकडच्या छापील पद्धतीत यातलं काहीच नव्हतं.

यीस्टसाठी कुश्निरोव्ह यांची २००० सालची पद्धतही तुम्हीच दाखवलीत: ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये पाच मिनिटं, मग सॅम्पल बफरमध्ये उकळणं. ना काचेचे मणी, ना द्रव नायट्रोजन! आमच्या प्रयोगशाळेत यीस्टचे नमुने आता असेच होतात.

जेलवर प्रथिनांचे पट्टे स्वच्छ आले आहेत. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव घालायची परवानगी हवी आहे. आणि आमच्याकडच्या एका मुलीला पेशीपटलातली प्रथिनं काढायची आहेत. तिला घेऊन पुढच्या आठवड्यात येऊ का?

तुमची,
शेजारच्या विभागातली विद्यार्थिनी