मॅडम, तुमच्या कमिट मेसेजबद्दल मनापासून आभार

आदरणीय मॅडम,

सामायिक सर्व्हर आमच्या हाती सोपवताना तुम्ही त्याच्या 'एटसी' डिरेक्टरीचा, म्हणजे सेटिंग्जच्या फाइली असतात त्या फोल्डरचा, सगळा इतिहासही दिलात. असं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून आभार जाहीरपणेच मानतोय.

रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड चारचौघांत फिरत होता, तेव्हा कुठली फाइल कुणी बदलली हे कुणालाच सांगता यायचं नाही. 'बॅक', 'ओल्ड', 'ओल्ड२' अशा प्रती मात्र ढीगभर. तुम्ही आधी रूटचं थेट लॉगिन बंद केलंत, प्रत्येकाला आपापल्या खात्यातून रूटची कामं करू देणारं सुडो दिलंत आणि मगच 'एटसी'तले बदल गिटमध्ये नोंदवणारं एटसीकीपर बसवलंत. त्या क्रमाचं मोल आता रोज जाणवतं. सुडोमुळेच तर कमिटवर, म्हणजे बदलाच्या नोंदीवर, रूटऐवजी खऱ्या माणसाचं नाव येतं.

फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवायला नुसतं गिट का नको, असं मी विचारलं होतं. तुम्ही शॅडो फाइल उघडून दाखवलीत. गिट फाइलचा मालक टिपत नाही, आणि परवानग्यांपैकी फाइल एक्झिक्युटेबल आहे की नाही एवढंच लक्षात ठेवतं. म्हणजे पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांची सांकेतिक रूपं, असलेली ती फाइल नुसत्या गिटमधून परत आणली, तर ती कुणालाही वाचता येईल अशी होऊन बसू शकते. एटसीकीपर मालक आणि परवानग्या वेगळ्या फाइलीत नोंदवून ठेवतं. शिवाय एप्ट या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्रामने पॅकेज बसवण्याआधी आणि नंतर आपणहून कमिट करतं, त्यामुळे अपग्रेडने केलेले बदल आणि माणसाने केलेले बदल एकमेकांत मिसळत नाहीत.

पण खरे उपकार तुमच्या कमिट मेसेजचे. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमधली मेसेज साइजची मर्यादा मूळच्या १०२४०००० बाइटच्या दुप्पट दिसली, म्हणून एक नवा सहकारी ती पूर्ववत करायला निघाला होता. लॉग काढला तर तुमची ओळ: 'मोठे स्कॅन परत येत होते, म्हणून दुप्पट. वेबमेलची मर्यादा याच्याशी जुळवली आहे, ही एकटी बदलू नका.' त्याने लगेच हात आवरला. डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या तुलनेत, आकडा दिसला असता. वेबमेलचं कुठून कळणार होतं?

रोजचा आपोआप होणारा कमिट चालूच आहे. त्यात काही सापडलं की ज्याचा बदल असेल त्याच्याकडून कारण लिहून घेतो. रिपॉझिटरी, म्हणजे हा सगळा साठवलेला इतिहास, बाहेर कुठेही पुश करायची, म्हणजे पाठवायची, नाही, ही तुमची ताकीदही पाळतो.

सध्या नव्या मशीनवर जायची तयारी सुरू आहे. कुठला बदल सोबत न्यायचा आणि कुठला इथेच सोडायचा, हे तुमचा लॉग वाचूनच ठरतंय.

आपला,
तुमच्या जुन्या टीममधला एक सहकारी